धनराजभाऊंचं लॉगबुक

आमच्या वाहन कक्षात किस्से गोळा करावे लागत नाहीत. कपाटामागं जाळी धरतात तसे ते आपोआप साठतात, आणि एखाद दिवशी झाडू घातला की हातभर निघतात. मग आपणच कमरेवर हात ठेवून म्हणतो, बापरे, हे सगळं इथंच होतं?

मी वर्ध्याजवळच्या एका विद्यापीठात वाहन कक्षाची वरिष्ठ लिपिक. नाव सांगत नाही, मला तिथंच नोकरी करायची आहे. कक्ष म्हणजे एक खोली, एक टेबल, भिंतीवर चाव्यांचे खिळे आणि बाहेर शेडमध्ये दोन जीपा न् एक कार. इथं काय घडणार, असं लोकांना वाटतं. मलाही वाटायचं. आता संध्याकाळी सिंदी मेघेला घरी पोचले की नवरा पाण्याचा ग्लास हातात द्यायच्या आधी विचारतो, "आज काय झालं?"

या सगळ्याला सुरुवात झाली ती ‘कार्यालयीन कामासाठी वाहन चालविणाऱ्या कर्मचाऱ्यांकरिता नियमावली’ निघाली तेव्हापासून. कुलसचिव साहेबांच्या सहीनं बारा नियम आले. त्यातला एकेक वाचून लोकांनी जे काय केलं, त्यानं मी इतक्या वेळा हबकले की आता रक्तदाबाची गोळी चालू आहे.

आणि या सगळ्यांत एकच माणूस असा, की जो बाराच्या बारा नियम मनापासून पाळायचा. धनराज खोब्रागडे, आमचे सगळ्यात जुने चालक. तीस वर्षं गाडी चालवली, पण सेवापुस्तकात एक शेरा नाही. अपघात नाही, मेमो नाही, साधी ताकीद नाही. रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलेलं. दर महिन्याला एकदा माझ्या टेबलापाशी येऊन हळूच विचारणार, "ताई, पुस्तकात काही चढलं त नाई ना?"

"नाही हो भाऊ. कोरं आहे."

"जसं कोरं घेऊन आलतो, तसंच घेऊन जाईन. मंग मी मोकळा."

एवढं एकच मागणं होतं त्या माणसाचं.

* * *

नियम तीन. कामासाठी जो कोणी गाडी चालवतो, मग ती स्वतःची का असेना, त्यानं लायसन्सची झेरॉक्स वाहन कक्षात द्यावी.

आमच्याकडे एक ज्येष्ठ प्राध्यापक आहेत. परीक्षेच्या दिवसांत स्वतःची कार घेऊन केंद्रं तपासत फिरतात. आर्वी, पुलगाव, हिंगणघाट, सगळीकडे. त्यांनी झेरॉक्स आणून दिली. मी फाईलला लावता लावता सहज वाचली आणि हात जागच्या जागी थांबला.

‘विनागिअर दुचाकी’. बस. पुढं काहीच नाही!

"सर, हे तर लुनाचं लायसन्स आहे."

"हो, लुनाच होती तेव्हा."

"आणि कार?"

"कार नंतर घेतली ना."

मी झेरॉक्स परत उलटून पाहिली. सर मात्र शांत. म्हणाले, "वीस वर्षांत तुम्हीच पहिल्या विचारणाऱ्या, ताई. बाकी कोणी एवढं मनावर घेत नाही."

धक्का याचा नाही बसला. मागच्याच परीक्षेला मी त्यांच्या शेजारी बसून आर्वीला गेले होते, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन. वाटेत मी त्यांना म्हटलंसुद्धा होतं, "सर, तुमच्या गाडीत कसं निर्धास्त वाटतं." ते आठवलं आणि मी खुर्चीत बसले ती पाचच्या ठोक्याला उठले.

* * *

नियम नऊ. गाडी चालवताना मोबाईल घेऊ नये.

कुलसचिव साहेब सेवाग्राम स्टेशनवर उतरले. घ्यायला धनराजभाऊ निघालेले. गाडी दिसेना म्हणून साहेबांनी फोन लावला. उचलला नाही. परत लावला, नाही. ऊन मी म्हणत होतं. साहेबांनी सात वेळा फोन केला आणि आठव्यांदा मला केला. "कुठं आहे तो माणूस? जिवंत आहे का?"

भाऊ फोन न उचलणारा माणूसच नाही. मी डोळ्यांसमोर नको नको ते आणलं.

तेवढ्यात भाऊ स्टेशनात शिरले. गाडी लावली, इंजिन बंद केलं, चावी काढली आणि मग खिशातून फोन काढून साहेबांच्या समोर उभं राहून साहेबांनाच लावला. "साहेब, मिस कॉल होते तुमचे."

"फोन काऊन नाही उचलला?" साहेब पुण्याकडचे, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडूनही ‘काऊन’ निघालं.

"गाडी चालवून राह्यलो होतो, साहेब. नियम नऊ. खाली सही तुमचीच हाये."

साहेब स्वतःच दार उघडून गाडीत बसले. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचं पत्रक आलं. नियम नऊ-अ: ‘कुलसचिवांचा फोन यास अपवाद राहील.’ मी ते तीनदा वाचलं. म्हणजे साहेबांचा फोन आला की अपघात होत नाही, असं आता आमच्याकडे लेखी आहे!

भाऊ मात्र घाबरून आले. "ताई, यानं पुस्तकात काही चढणार त नाई?"

* * *

आता लॉगबुकाचं सांगते, कारण सगळी गंमत तिथंच आहे.

प्रत्येक गाडीत एक लॉगबुक. कुठून कुठं गेली, कोणी चालवली, प्रवासी कोण, कामाचे स्वरूप शासकीय की खाजगी, आणि शेवटी शेरा. नियम दहा सांगतो की नोंद त्याच दिवशी व्हावी आणि गाडीवरच्या चालकानंच करावी. नियम अकरा सांगतो की लॉगबुकात खाडाखोड चालणार नाही. बाकीचे चालक शनिवारी बसून आठवडाभराचं एका दमात लिहून काढतात, सगळं ‘शासकीय’. धनराजभाऊ फेरी संपली की झाडाखाली बसून, जीभ दातात धरून, जे घडलं ते लिहितात. त्यांना त्याहून वेगळं काही लिहिता येतच नाही.

आमचे एक अधिष्ठाता कॉलेज तपासणीला तळेगावला गेले, पुण्याकडच्या नव्हे, आमच्या श्यामजीपंत तळेगावला. दुसऱ्या दिवशी लॉगबुक माझ्याकडे सहीला आलं. मी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

‘प्रवासी: दोन. अधिष्ठाता साहेब एक, बोकड एक. कामाचे स्वरूप: साहेब शासकीय, बोकड खाजगी.’

मी धावत शेडमध्ये गेले. "भाऊ, हे काय लिहिलं?"

"बजारातून घेतला साहेबानं. पावणे येणार होते म्हणे."

"अहो, पण लिहायचं कशाला?"

"ताई, तो मांग शीटवर बसून आला, पार वर्ध्यापर्यंत. प्रवाशाच्या रकान्यात नाई लिहू त कुठं लिहू?"

अधिष्ठाता साहेब लालबुंद होऊन आले. या चालकाच्या सेवापुस्तकात उद्धटपणाचा शेरा मारा, म्हणाले. भाऊंचा चेहरा पांढराफटक पडला. मी म्हटलं, "मारते सर. फक्त कारण लिहून द्या, कोणत्या नोंदीवरून ते."

साहेबांनी लॉगबुकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेले. जाताना दारातून एवढंच म्हणाले, "परत कधी सापडेलच."

* * *

नियम चार. चालक नसलेल्या कर्मचाऱ्यानं लेखी परवानगीशिवाय विद्यापीठाची गाडी चालवू नये. परवानगीसाठी आधी चाचणी.

चाचणीला एकच अर्ज आला. डॉ. उईके मॅडमचा. मॅडम बोलीभाषांचा अभ्यास करतात. आष्टी, कारंजा तालुक्यातल्या गावांत जाऊन म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करून आणतात. दरवेळी चालक मोकळा नसतो म्हणून स्वतःच चालवते म्हणाल्या. चाचणी समितीचे तिघं मागच्या सीटवर बसले, एकमेकांचे हात धरून. मॅडमनी मैदानाला दोन चकरा मारल्या, चढावर गाडी थांबवून परत उचलली आणि रिव्हर्स घेऊन शेडमध्ये अशी लावली की दोन्हीकडे चार-चार बोटं जागा उरली.

अध्यक्षांनी घाम पुसत विचारलं, "कुठं शिकलात?"

"बाबांच्या ट्रॅक्टरवर. ट्रॉली लावून."

समितीनं लिहिलं, ‘उत्कृष्ट’. आता फक्त विभागप्रमुखाची शिफारस हवी होती. पण मॅडमच्या विभागात शिक्षक एकच, त्या स्वतः. प्रमुखही त्याच. आणि अर्जदारानं स्वतःची शिफारस करू नये, असं अर्जाच्या मागच्या बाजूला छापलेलं! ती फाईल वर्ष उलटून गेलं तरी फिरते आहे. कुठं आहे विचारलं की प्रत्येक टेबलावरून एकच उत्तर मिळतं, "आताच पुढं गेली." सुशिक्षित माणसांचं काय करावं, मला खरंच कळत नाही.

* * *

मागच्या हिवाळ्यात मॅडम आणि धनराजभाऊ तळेगावकडून परत येत होते. वाटेतलं खरांगणं गाव मागं पडलं आणि भाऊंनी गाडी कडेला घेतली. इंडिकेटर देऊन, हँडब्रेक लावून. म्हणाले, "मॅडम, मले बरं वाटून नाई राह्यलं." शर्ट घामानं भिजलेला, हात छातीवर.

मॅडम खाली उतरल्या आणि त्यांना सरकवून स्वतः स्टिअरिंगवर बसल्या. तेवढ्यातही भाऊ म्हणाले, "मॅडम, तुमची परवानगी पेंडिंग हाये."

"भाऊ, चूप बसा," मॅडम म्हणाल्या, आणि गाडी थेट सावंगीच्या दवाखान्यात नेऊन उभी केली. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास गेला असता तर सांगता आलं नसतं.

आणि विद्यापीठात काय झालं असेल? अधिष्ठाता साहेबांनी त्याच संध्याकाळी कुलसचिवांकडे टिपण पाठवलं. विनापरवानगी व्यक्तीस वाहन दिले, चालकावर कारवाई व्हावी! बोकडाचा राग माणसाच्या जिवावर काढायचा, याची मला आजही शिसारी येते.

सकाळी मी दवाखान्यात गेले. भाऊ शुद्धीवर होते, हाताला सलाईन. पहिलं वाक्य काय, तर "ताई, लॉगबुक आणजो. कालची नोंद राह्यली."

मी लॉगबुक नेलं. आणि खोटं कशाला बोलू, त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "भाऊ, चालक म्हणून तुमचंच नाव टाका. कोणी पाहत नाही. पुस्तक कोरं राहील."

भाऊंनी लॉगबुक माझ्या हातातून घेतलं. डोळे भरले होते त्यांचे. मग म्हणाले, "चालवली नाई, ताई, त लिवू कसं?" आणि लिहायला लागले. मला बाहेर जाऊन रडावं लागलं.

दुपारी कुलसचिव साहेब आले. हातात अधिष्ठात्यांचं टिपण. त्यांनी लॉगबुक मागितलं आणि कॉटशेजारी उभं राहून वाचलं.

‘वाहन चालविणारे: खरांगण्यापर्यंत मी, पुढे डॉ. उईके मॅडम. प्रवासी: मी. कामाचे स्वरूप: खाजगी. शेरा: नियम चारचा भंग झाला. मॅडमचा दोष नाही, चावी मी दिली. नोंद एक दिवस उशिरा केली, त्याबद्दल क्षमा.’

साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि परत वाचलं. टिपणाची घडी घालून खिशात टाकली. मग माझ्याकडे हात केला. मी पेन दिलं. त्यांनी लॉगबुक कॉटच्या कडेवर टेकवलं आणि ‘शासकीय’ करायला म्हणून ‘खाजगी’वर एक रेघ ओढायला घेतली.

भाऊ उशीवरून अर्धे उठले. सलाईनचा हात पुढं करून त्यांनी साहेबांचं मनगट धरलं.

"साहेब, खाडाखोड नाई चालत. नियम अकरा."