मामाजींचा मोकळा कोंडवाडा

पृथ्वी गोल आहे याचं माझ्या सासऱ्यांना मनापासून वाईट वाटतं. ती सपाट असती, तर तिला चारी बाजूंनी बांध घालून त्यांनी पाण्याचा एक थेंब बाहेर जाऊ दिला नसता. सडक अर्जुनीजवळच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या धान पिकवणाऱ्या घरातला हा पोवार माणूस. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजींच्या पिशवीत एक वेळ पानाचा डबा नसेल, पण पाणी भरून पातळी बघायची गवंड्याची नळी असणारच. माझ्या लग्नात मंगलाष्टकं सुरू होणार तेवढ्यात वधुपित्याने ती नळी काढली, स्टेजच्या दोन टोकांना धरायला लावली आणि भटजींना हाताने थांबवलं. "उतार जवायाकडे हाय," असं भर मांडवात जाहीर झालं. माझ्या पाटाखाली वीट सरकवली, तेव्हा कुठे माझं लग्न लागलं. माझे मित्र अजून त्यावरून माझी टर उडवतात.

त्यांचं घर हायवेला अगदी खेटून. रायपूरकडचे ट्रक अंगणातूनच गेल्यासारखे जातात. म्हणून त्यांचा कुत्रा टायगर पिल्लू असल्यापासून साखळीला. हे मामाजींना फार लागायचं. "माणसाले असं बांधून ठेवलं त तो बी चावते," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे आणि स्वतःच साखळी तपासून यायचे. गेल्या वर्षी ते नागपूरला आमच्याकडे आले, तेव्हा मी त्यांना कुत्रे मोकळे सोडायच्या बागेत नेलं. पाच मिनिटांत कंटाळतील म्हटलं. कसलं काय! डबा मागवून जेवण बाकावरच उरकलं. "दोन फाटकं कायले?" त्यांनी रखवालदाराला विचारलं. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही, म्हणून कुत्रं बाहेर सटकत नाही, हे कळल्यावर ते तिथून हलेचनात. परतीच्या एसटीत बसताना त्यांनी खिडकीतून मला सांगितलं, "जवाईबापू, आपल्या गावात हे होऊन राहिलं समजा."

गावात जुना कोंडवाडा होता, चुकार गुरं डांबायचा. आता गुरंच उरली नाहीत, त्यामुळे नुसती पडकी भिंत आणि मधे एक मोहाचं झाड. मामाजींनी ग्रामसभेत ती जागा मागितली. झालं, एकच हल्लकल्लोळ! "माणसाले बसाले जागा नाही न कुत्र्याले मैदान?" एक जण उठून म्हणाला. मामाजी म्हणाले, "कुत्रं रोडवर येते म्हणून तुमच्या पोराची गाडी घसरते. काऊन, खोटं बोलून राहिलो का मी?" सरपंचबाईंनी निवाडा दिला: पावसाळ्याआधी मैदान नीट करून दाखवा, नाहीतर तिथे दुकानांचे गाळे होतील.

मग काय, प्रत्येक रविवारी मला बोलावणं. चुन्याची फक्की टाकायची मी, पुसायची मामाजींनी. मोठ्या कुत्र्यांची जागा वेगळी, पिल्लांची वेगळी. पाण्याची टाकी कुठे हवी ते ठरवायला हा माणूस उकिडवा बसून सगळ्या मैदानभर सरकला, कारण "कुत्र्याच्या नजरेनं पाहा लागते." फाटकं बसली, भिंत उभी राहिली. जमीन तर त्यांनी अशी सपाट केली, नळी लावून लावून, की बघणाऱ्याने हात जोडावेत. कडेने सुरेख बांधही घातला.

आणि एके दुपारी अवकाळी पाऊस झाला. आम्ही धावत गेलो, तर आख्ख्या मैदानात घोटाभर पाणी, एका पातळीत, काचेसारखं. मामाजींनी कुत्र्यांसाठी धानाची उत्तम बांधी, म्हणजे पाणी धरून ठेवणारं भातखाचर, तयार केली होती! "काकाजी, आता धानाचा रोवणा लावून टाका!" भिंतीवरून कुणीतरी ओरडलं आणि सगळे खो-खो हसले. सरपंचबाई हसल्या नाहीत, त्या गाळ्यांचं बोलू लागल्या. मामाजींचं तोंड एवढंसं झालं.

बांधावरून सख्ख्या चुलतभावाशी बोलणं तोडलेला हा माणूस. त्याने फावडं उचललं आणि सगळ्या गावासमोर स्वतःच घातलेला बांध स्वतः फोडला. पाणी खळखळ नाल्याकडे निघालं. मला त्या क्षणी त्यांचा असा अभिमान वाटला की काय सांगू! पुढचे कित्येक दिवस ते चांगल्या सपाट जमिनीला मुद्दाम उतार देत होते. अगदी कडू काढा पिताना होतो तसा चेहरा करून, पण देत होते. पुढच्या पावसात सरपंचबाई मैदानाच्या मधोमध जाऊन आल्या. त्यांच्या चपलाही भिजल्या नाहीत. "ठेवा तुमचं मैदान," त्या म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी टायगरला नेलं. पहिलं फाटक लागलं, दुसरं उघडलं, मामाजींनी साखळी काढली. टायगर जरा वेळ त्यांच्या पायाशीच उभा राहिला. मग जो सुटला! भिंतीपर्यंत, तिथून मोहाला वळसा, परत भिंतीपर्यंत. तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेला तो कुत्रा थांबायचं नावच घेईना. इतक्या वर्षांचं पळणं त्याने कुठे साठवून ठेवलं होतं, कोण जाणे. दिवेलागण झाली तरी मामाजी हाक मारीनात.

"मामाजी, चला ना, घरी वाट पाहत असतील."

"तुम्ही व्हा समोर," ते म्हणाले. मग टायगरकडे बघतच त्यांनी साखळी हातावर गुंडाळली. "जवाईबापू, हे मले पयलेच सुचाले पायजे होतं. लय म्हातारा झाला ना तो."

मी गेलो नाही. तिथेच त्यांच्याशेजारी ओल्या मातीत बसलो आणि आम्ही दोघं टायगरला पळताना पाहत राहिलो.