पेटीतली टकटक

"पेटीतून आवाज येतोय," हरेश्वरभाऊ फोनवर म्हणाले. "आतून ठोकल्यासारखा."

हरेश्वरभाऊ म्हणजे केळव्याजवळच्या माहीममधल्या एका मंडळाचे अध्यक्ष. आणि पेटी म्हणजे शवपेटी. घरचं कोणी लांबून यायचं असलं की तोवर मृतदेह थंड ठेवायला वापरतात ती, वर पारदर्शक झाकण असलेली. मी रेफ्रिजरेशन इंजिनिअर. बोईसरला माझं वर्कशॉप आहे. तारापूर एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या कोल्ड रूम आणि चिलर सांभाळतो, शिवाय अशा पेट्या भाड्याने देतो. ही पेटी मात्र माझी नव्हती. कुणा दानशूर माणसाने ती मंडळाला दिली होती आणि मंडळ ती गावात फुकट वापरायला देत असे. तेव्हापासून माहीमहून मला फोन येणं बंद झालं होतं.

"डॉक्टर बघून गेले ना?" मी विचारलं.

"दोनदा. दुसऱ्यांदा आवाजासाठीच बोलावले. जीव नायच म्हणाले. पण मयताची बायको, आमची काकी, ऐकत नाय. तुमी या."

माझा मेकॅनिक अखिलेश सालवडला राहतो. त्याला घेतलं आणि निघालो. भर दुपार होती. वाडीत शिरलो तर पानवेलींच्या मांडवातसुद्धा एक पान हलत नव्हतं. घरासमोर पन्नासेक माणसं उभी होती. सगळे उघड्या दाराकडे पाहत होते आणि दारापासून लांब उभे होते. मयताच्या घरी माणसं आत दाटीवाटीने बसतात. इथे आत फक्त एक बाई होत्या.

त्या इंदूकाकी. पेटीत त्यांचे यजमान होते, गजाननकाका. मुलगी मस्कतहून निघाली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोचायची होती. काकी पेटीला कान लावून बसल्या होत्या.

मी चपला काढून आत गेलो. अखिलेश उंबऱ्यातच थांबला.

टक. टक. मग जरा थांबून, टक.

मी या धंद्यात बरीच वर्षं आहे. यंत्राचा आवाज ऐकला की बिघाड कुठे आहे ते साधारण कळतं. हा आवाज यंत्रासारखा नव्हता. बोटातली अंगठी लाकडावर आपटावी, तसा होता.

"ते पानी मागतात," काकी म्हणाल्या. "आजारी पडल्यापासून असंच करायचे. आवाज गेलेला ना. अंगठीनं खाटेवर वाजवायचे. मी उठायची."

"काकी, डॉक्टरांनी—"

"तुमी वरून बघा."

मी वाकून पाहिलं. झाकणावर आतल्या बाजूने, नेमका काकांच्या तोंडावर, धुक्याचा एक गोल डाग होता. बाकी झाकण स्वच्छ. बघता बघता तो डाग मोठा झाला. मग हळूहळू आखडला. पुन्हा मोठा झाला.

खरं सांगतो, मी एक पाऊल मागे आलो.

"साहब, ये मैं नहीं खोलूँगा," अखिलेश दारातून म्हणाला.

अशा वेळी माणसाने आपलं काम करत राहावं. मी पायथ्याकडचं पॅनल उघडलं. कॉम्प्रेसर म्हणजे थंडावा तयार करणारा पंप. तो रबरी पायांवर बसवलेला असतो, कारण सुरू होताना आणि बंद होताना तो हिसका देतो. इथलं रबर वाळून तुकडे होऊन पडलं होतं. प्रत्येक हिसक्याला तांब्याचा पाईप पत्र्यावर आपटत होता. त्यात गॅस कमी झालेला, त्यामुळे कॉम्प्रेसर तापून सारखा बंद पडत होता आणि थोड्या वेळाने परत सुरू होत होता. तीच ती टकटक. डोक्याकडचं गॅस्केट, म्हणजे फ्रिजच्या दाराला असतं तसलं रबर, फाटलं होतं. तिथून बाहेरची दमट हवा आत शिरून झाकणाला गोठत होती. आतला पंखा चालला की डाग आखडायचा, थांबला की वाढायचा.

मी मेन स्विच बंद केला आणि काकींना हे सगळं सांगायला तोंड उघडलं.

टक.

बंद पेटीतून, एकदाच. बाहेर कुणीतरी देवाचं नाव घेतलं. थंड पत्रा गरम व्हायला लागला की तडतडतो. मी तेव्हा हेच सांगितलं, आजही हेच सांगतो.

"उघडा," काकी म्हणाल्या.

नियम असा की पेटी मधेच उघडायची नाही. पण त्या बाईंना रबर आणि गॅस समजावून काय उपयोग होता? मी झाकण उचललं. अखिलेशही शेवटी आला आणि त्याने दुसरं टोक धरलं. काकींनी काकांचा हात हातात घेतला, अंगठीवरून बोट फिरवलं.

"गार हाय," त्या म्हणाल्या. मग पहिल्यांदा रडल्या. बाहेरच्या बायका तेव्हा आत आल्या.

पण काम संपलं नव्हतं. आतलं तापमान वाढलं होतं. ही पेटी सकाळपर्यंत टिकणार नाही, हे मी हरेश्वरभाऊंना अंगणात सांगितलं. माझी पेटी वर्कशॉपमध्ये तयार होती.

"भाडं घेणार?" त्यांनी विचारलं.

"घेणार."

"मेलेल्या माणसावर धंदा करता तुमी. आमी हे गावासाठी करतो. एक पैसा घेत नाय."

"भाऊ, पेटी आल्यापासून सर्व्हिसिंग किती वेळा केलं?"

ते म्हणाले, "दिलेली वस्तू हाय. खर्च कोनाच्या नावावर टाकायचा?"

"माझ्या पेटीचं रबर मी वेळेवर बदलतो. माझं मन मोठं आहे म्हणून नाही. पेटी बिघडली तर पुढचं गिऱ्हाईक येणार नाही म्हणून."

काकी दारात येऊन उभ्या होत्या, ते आम्हाला दिसलं नव्हतं.

"यांची पेटी आना," त्या म्हणाल्या. "आनि पैसे घ्या. फुकटच्या पेटीत ते सकाळपासून मला हाक मारत होते."

संध्याकाळच्या आत माझी पेटी लागली. ती नुसती पंख्याची घरघर करते. मुलगी आली, तिने वडिलांना नीट पाहिलं, अंत्यसंस्कार झाले. भाडं मी घेतलं, नेहमीइतकंच.

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. परत येताना हरेश्वरभाऊंचं एक बोलणं डोक्यात राहिलं होतं. मी निघताना ते म्हणाले होते, "आमची पेटी पाड्यावर जाते. तुमची कदी गेली?" नव्हती गेली. आदिवासी पाड्यांवरून मला कधी फोनच आला नव्हता, आणि का येत नाही, हे मीही कधी विचारलं नव्हतं.

पुढे आमचं जमलं. ज्यांना जमतं त्यांच्याकडून मंडळ आता वापराचे पैसे घेतं. त्यातून देखभालीचा करार माझ्याकडे आहे, आणि त्यात माझा नफा आहे, तो मी लपवत नाही. ज्यांना जमत नाही त्यांच्याकडे तीच पेटी फुकट जाते.

मागे एकदा ती बेटेगावच्या बाजूला एका पाड्यावर गेली होती. मी चेकिंगला गेलो. लहानसं घर, आत माणसंच माणसं, पेटीला खेटून बसलेली. मयताच्या भावाने विचारलं, "तुमी मंडळाचे?"

"नाही, मशीनवाला."

"आमच्याकडून काय घेनार नाय ना?"

"नाही. मंडळ देतं."

त्याने मान हलवली आणि मला बसायला जागा करून दिली. मी पेटीला कान लावला. पंख्याशिवाय काही ऐकू आलं नाही. तरी थोडा जास्तच वेळ कान लावून बसलो.

कुणी मला सेवा की धंदा असं विचारलं, तर मी एवढंच सांगतो: रबर कोण बदलणार, हे आधी ठरवा.