अर्धं गाऱ्हाणं

देवापुढे खोटं बोललेला माणूस मी. हे आधीच सांगून मोकळा होतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला भाविक, पुण्यवान वगैरे समजायला नको. अनगोळात माझं दुचाकीचं गॅरेज आहे. तोंड फाटकं, राग नाकावर, आणि देवाचं म्हणाल तर सकाळी शटर वर केलं की एक उदबत्ती लावायची, संपला विषय. बायको म्हणते, "तुमची उदबत्तीसुद्धा घाईत जळतीय." खोटं नाही ते.

माझे गुरू म्हणजे आण्णा. नात्याने कुणी नव्हेत, पण पाना कसा धरायचा इथपासून आवाज ऐकून इंजिनाचं दुखणं कसं ओळखायचं इथपर्यंत सगळं त्यांनी शिकवलं. तरुणपणी ते ट्रायलच्या स्पर्धांत उतरायचे. ट्रायल म्हणजे पळवायची शर्यत नव्हे. ओढ्यातले दगड, चिखल, उभा चढ यांवरून माणूस चालेल त्याहून हळू गाडी न्यायची, सगळा खेळ तोलाचा. त्यांची ती विलायती गाडी, एका सिलिंडरची, उंच सायलेन्सरची, पिरनवाडीत त्यांच्या घरामागे पत्र्याखाली कित्येक वर्षं गंजत पडली होती. मग आण्णांना काचबिंदू झाला आणि त्यांची नजर कडेकडेने बुजायला लागली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल तेही सांगवत नाही. त्या दिवशी दवाखान्यातून परतताना आण्णा म्हणाले, "डोळं जायच्या आधी ती गाडी एकदा दगडावर चढताना बघायची हाय रं. मला न्हाय जमणार आता. तू चालीव." मी छाती ठोकून हो म्हटलं.

गाडी अनगोळला आणून खोलली. पिस्टनच्या रिंगा कोल्हापुरात मिळाल्या, क्लचच्या प्लेटा ओळखीच्या लेथवाल्याकडून करून घेतल्या. मॅग्नेटो मात्र धडधाकट होता. या गाडीला बॅटरी नसते. इंजिनाबरोबर फिरून ठिणगी पाडणारा हा नारळाएवढा डबा, तोच तिचा जीव. तो मी तेलकट फडक्यात गुंडाळून बाकाखाली ठेवला. आणि आली खंडेनवमी. आदल्या दिवशी आम्ही गॅरेजवाले सगळं धुऊनपुसून काढतो, वर्षभराचं भंगार घालवतो. नवमीला हत्यारं मांडून झेंडू वाहतो, आणि मग दसरा होईपर्यंत एकाही पान्याला हात लावत नाही. त्या साफसफाईच्या झपाट्यात ते फडकं मी माझ्याच हाताने भंगाराच्या पोत्यात टाकलं. पुढचे दोन दिवस हत्यारांना शिवायचं नाही, म्हणून बाकाखाली वाकूनही बघितलं नाही. दसऱ्यानंतर शोधतो तर काय, भंगारवाल्याने माल केव्हाच पुढे पाठवलेला! पूजेसाठी जागा झाडली आणि जे पूजायचं तेच विकून बसलो.

आण्णांना खरं सांगायला जीभ रेटेना. ज्यांनी मला पडलेला वॉशरसुद्धा उचलून डबीत ठेवायला शिकवलं, त्यांना काय तोंडाने सांगू? त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वाइंडिंगला कोइमतूरला पाठवलाय." झालं. मग कधी कारागीर आजारी, कधी पार्सल अडकलं. इकडे माझी वणवण चालूच. पुण्याचा जुना बाजार पालथा घातला, मोबाइलवर देशोदेशीच्या जुन्या गाड्यांच्या मंडळींना फोटो पाठवले. एकाने आपुलकीने मॅग्नेटो पाठवला, तो उलट्या दिशेने फिरणारा निघाला. असं करता करता वर्ष सरत आलं. आण्णा आता मान वळवल्याशिवाय शेजारचा माणूस ओळखत नव्हते. "नळीतनं बघितल्यागत दिसतंय," म्हणायचे, आणि लगेच विचारायचे, "आलं काय रं पार्सल?"

खानापूरकडे आमचं मूळ गाव आहे. तिथे रवळनाथाला कौल लावतात. आपलं गाऱ्हाणं चारचौघांत मोठ्याने घालायचं, मग गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. सगळे उपाय थकल्यावर मी तिथे जाऊन बसलो. गावातले पाचदहा जण बसलेले. मी म्हटलं, "देवा, गुरूंच्या गाडीचा एक भाग हरवलाय, तो मिळू दे." हरवलाय म्हणे! मी विकला, असं लोकांसमोर म्हणायची लाज वाटली. पाकळी हलेना. डावी नाही, उजवी नाही. गुरवाने दोनदा पाणी शिंपडलं, पुन्हा लावल्या, तरी तेच. शेवटी म्हातारा म्हणाला, "गाऱ्हाणं अर्धं हाय बाबा. देव तरी काय बोलंल? पुरं घालायचं आसंल तवा ये." असला राग आला मला! मनात म्हटलं, देवाला एवढं कळतंय तर त्यानेच शोधून द्यावा की मॅग्नेटो. प्रसाद न घेता तसाच उठून आलो.

पुढच्याच आठवड्यात कोल्हापूरच्या एका दुकानदाराने सांगितलं, निपाणीत एक जुने वाइंडिंगवाले आहेत, त्यांच्याकडे असले मॅग्नेटो पडून असतात. बसने निपाणी गाठली, विचारत विचारत गल्लीत गेलो, तर दुकानाला कुलूप. शेजारच्या उंबऱ्यात एक आक्का मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या.

"कुणाला हुडकायलाय?"

"वाइंडिंगवाल्यांना."

"ते गेलं की वो श्रावणात. मी त्यांची मालकीण."

मी मटकन पायरीवर बसलो. आक्कांनी आत जाऊन तांब्या आणला, मग न विचारता चहा ठेवला. "काय काम हुतं?" एवढंच म्हणाल्या. आणि मला काय झालं कोण जाणे, ओळख ना पाळख, त्या बाईंसमोर मी सगळं बोलून गेलो. खंडेनवमी, फडकं, कोइमतूरची थाप, गुरवाचं बोलणं, सगळं. डोळ्यांतून पाणी कधी आलं तेही कळलं नाही. त्यांचे हात थांबले नव्हते. पान कापायचं, तंबाखू भरायचा, दोरा गुंडाळायचा.

"हे गुरूला सांगितलंसा?"

"न्हाय."

"मग माझ्याफुडं रडून काय उपेग?" असं म्हणून त्या उठल्या, किल्ली आणली आणि दुकान उघडलं. फळीवर चार मॅग्नेटो होते, लोकांनी दुरुस्तीला टाकलेले आणि कधीच न नेलेले. पहिला नाही, दुसरा नाही. तिसऱ्याचा शाफ्ट माझ्या खिशातल्या मापाशी बरोबर जुळला. फिरायची दिशा तीच. हाताने गर्रकन फिरवला तर वायरीच्या टोकाशी निळी ठिणगी! काय देऊ विचारलं तर आक्का म्हणाल्या, "बसवून ठेवल्यालं लोखंड मरतंय. न्या तुमी. गाडी चालू झाली की तेवढा आवाज ऐकवा फोनवर. मालकांनी दुरुस्त केल्यालं हाय ते." मी त्यांच्या पाया पडलो. वयाने माझ्याएवढ्याच असतील, पण पडलो.

परतताना बसमध्ये मात्र माझ्यातला चोर जागा झाला. आता सांगायची गरजच काय? दुरुस्त होऊन आला म्हणायचं, सगळं गोड. संकेश्वर गेलं, हत्तरगी गेलं, माझा निर्णय होईना. मांडीवर ती पिशवी आणि कानात गुरवाचं ते "अर्धं हाय बाबा." बेळगाव आलं तेव्हा मी मनातल्या मनात हात जोडले आणि म्हटलं, रवळनाथा, माझी अक्कल संपली, आता तू नेशील तिकडे.

स्टँडवरून थेट पिरनवाडीला गेलो. पिशवी न उघडताच आण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वरीसभर खेळवलास मला? आरं, उद्या दुसऱ्यानी सांगितलेलं खरं मानूनच जगायचं हाय मला. आणि तू खोटं बोलायलास?" आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याहून त्यांनी चार थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पिशवी तिथेच ठेवून मी दारापर्यंत गेलो, तेव्हा मागून आवाज आला, "आण हिकडं, बघू." त्यांनी मॅग्नेटो मांडीवर घेतला, बोटं फिरवली, शाफ्ट, झाकण, बोल्ट बसतो तो खालचा कान. "हे आपलं न्हवं. आपल्याचा कान मोडका हुता." दुरुस्त होऊन आला म्हटलं असतं, तर त्याच बोटांनी मला तिथल्या तिथे पकडलं असतं, आणि मग मी त्यांना कायमचा मुकलो असतो. मला कुणी वाचवलं, हे मी कुणाला पटवून द्यायला जात नाही. मी वाचलो, एवढं खरं.

त्या रविवारी गाडी ओढ्याकाठी नेली. इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडावी ते जुळवायला आण्णांनी सिगारेटचा पातळ कागद मागितला. मॅग्नेटोतल्या दोन टोकांमध्ये तो धरायचा आणि इंजिन हाताने सावकाश फिरवत हलकेच ओढत राहायचं. सुटला की तीच वेळ. डोळे मिटून त्यांनी ते बोटांनी केलं. चौथ्या किकला गाडी बोलली. मी निपाणीला फोन लावला. "आलं, आलं ऐकू," म्हणत आक्का तिकडे रडत होत्या. आण्णांना मोठ्या खडकावर बसवलं आणि त्यांच्या नजरेच्या त्या नळीत राहील अशा बेताने मी गाडी वर घातली. ट्रायलमध्ये पाय जमिनीला टेकला की गुण गेला. मी कसला पट्टीचा स्वार! घाम फुटला होता, तरी कसाबसा वरच्या दगडापर्यंत पोचलो. खाली आलो तेव्हा आण्णांचे गाल ओले होते. "झालं रं," एवढंच म्हणाले आणि टाकीवर हात ठेवून उभे राहिले.

पुढे दोनतीन महिन्यांत त्यांची नजर पूर्ण गेली. मी रवळनाथाला जाऊन पुरं गाऱ्हाणं घातलं, गावासमोर, काही न लपवता. मागायचं काहीच नव्हतं, म्हणून कौल लावला नाही. एवढंच उमगलंय की शरण जायचं म्हणजे देवावर भार टाकून मोकळं होणं नव्हे. आपण झाकून ठेवलेलं असतं ते आधी त्याच्यापुढे उघडं करावं लागतं. मग तो काय द्यायचं ते देतो, आणि कुणाच्या हातून द्यायचं तेही तोच ठरवतो. निपाणीच्या त्या उंबऱ्याला मी रोज उदबत्ती लावताना आठवतो. हल्ली ती जरा सावकाश लावतो.

रोज संध्याकाळी आण्णांना पेपर वाचून दाखवायला जातो. दुसऱ्या कुणाचं वाचलेलं त्यांना चालत नाही. परवा वाचता वाचता त्यांनी मध्येच थांबवलं.

"एक इचारू? त्या दिवशी वरच्या दगडावर पाय टेकवलावतास न्हवं?"

त्या अंतरावरून त्यांना दिसलं असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

"व्हय आण्णा. दोनदा टेकवला."

आण्णा खदखदून हसले. "मला एकदाच दिसलावता रं!"