गायकवाड सरांना दिसेल अशी ट्यूब

गोष्टी कुणी मुद्दाम जमवत नाही. आमच्या घरात त्या तारेच्या तुकड्यांसारख्या साठल्या. केर काढताना एखादी पायाला टोचते आणि मी केरसुणी हातात धरून तशीच बसून राहते.

ह्यांचं नगरला रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, पण खरं दुकान सावेडीच्या आमच्या दोन खोल्यांत. पुण्याजवळच्या डोंगरावरच्या मनोऱ्यावरून टीव्ही दिसायला लागल्यापासून हे घरीच टीव्ही जुळवतात, आणि चमच्यांच्या डब्यातसुद्धा स्क्रू निघतात. मंडळी तीन: हे, काष्टी गावचे नाना, ज्यांना मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीपेक्षा आमची टीव्हीची खोकी प्रिय, आणि शेजारचे निवृत्त शिक्षक गायकवाड सर. मी चहापुरती. कडेवर दहा महिन्यांची मंजू.

सुरुवात सरांकडे आलेल्या पत्रानं झाली. त्यांची मुलगी रूथ मुंबईला नर्सिंग शिकते. तिनं लिहिलं होतं, येत्या महिन्यात एका रविवारी संध्याकाळी आमचा गायनवृंद टीव्हीवर गाणार आहे. पत्र मीच वाचून दाखवलं, कारण सरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणतात, पिकल्याशिवाय काढता येत नाही. नाताळात रूथ घरी आली, तेव्हा सरांनी तिला आवाजावरूनच ओळखलं होतं.

सर म्हणाले, "मोठं असलं आणि उजेडाचं असलं, तर मला अजून दिसतं. तेवढं करता येईल का?"

हे म्हणाले, "करू."

हे 'करू' म्हणतात तेव्हा मी आधी मंजूला उचलते.

*

पहिली ट्यूब लष्कराच्या भंगारातली, रडारची. ताटाएवढी गोल, हिरव्या उजेडाची. तिची तऱ्हा अशी, की तिच्यावर आलेलं चित्र लवकर जात नसे. बातम्या देणारी बाई मान वळवायची, आणि आधीची मान तिथंच विरघळत राहायची. हात खाली यायचा, पण हाताचा धूर वर उरायचा. सहा वाजून गेलेले, बाहेर पिवळा उजेड, आणि आमच्या भिंतीशी ही हिरवी माणसं पाण्याखाली चालल्यासारखी. मी भात विसरून बघत बसायची.

मंजू त्याच दिवसांत टाटा करायला शिकली. इतक्या सावकाश करायची, की डॉक्टरांना दाखवावं का, असं मला वाटू लागलं. दोन दिवसांनी लक्षात आलं. तिनं माणसं जाताना पाहिली ती या ट्यूबवरच.

*

दुसरी पुण्याहून आणलेली, वीस इंची, खऱ्या टीव्हीची. मी वाचनालयातून पुस्तक आणून वाचलं, ते वाचायला नको होतं. त्यात होतं की पिक्चर ट्यूब फुटली तर आतल्या आत कोसळते आणि काचा उडतात. मी तिला मंजूच्या दुपट्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवली.

हे म्हणाले, "बारसं कधी ठेवलंय?"

नानांनी दुपट्याचं टोक उचलून बघितलं. "वैनी, आत काय हाय एवढं भ्यायासारखं?"

"काहीच नाही. हवासुद्धा नाही."

"मंग कायबी न्हाई त्याला काय भ्यायचं?"

"म्हणून तर भीती वाटते, नाना."

नानांनी आपला फेटा काढून दुपट्यावर ठेवला. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. लई पातळ हाय तुमचं."

*

नाना गच्चीवर अँटेना फिरवत आणि हे खालून ओरडत. एकदा मी मंजूचं दूध गाळत होते, तेवढ्यात ह्यांचा आवाज आला, "मुंग्या आल्या, मुंग्या!"

मी हळदीचा डबा घेऊन धावले आणि दाराच्या उंबऱ्यावर जाड रेघ ओढली. मान वर केली तर मुंग्या टीव्हीत. वाऱ्यानं अँटेना फिरली की पडद्यावर जे पांढरं-काळं वळवळतं, त्याला मंडळी मुंग्या म्हणतात. मी बी.ए. आहे, तरी हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

नाना जिन्यावरून उतरले, हळद बघून चप्पल काढली आणि नमस्कार करून आत आले. कशाला, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

*

तिसरी ट्यूब मुठीएवढी. कुठल्याशा परदेशी, मोडक्या यंत्रातली. तिच्यापुढं भिंग धरायचं, की चित्र चादरीएवढं होतं. पण तिला पंचवीस हजार व्होल्ट लागतात. तो आकडा ऐकल्यापासून मी मंजूला जमिनीवर ठेवणंच बंद केलं.

रविवार चार दिवसांवर आला, तेव्हा ह्यांनी तिन्ही ट्यूबची परीक्षा घेतली. परीक्षक सर. ते पडद्यापासून दोन हातांवर काठी घेऊन बसले.

हिरवीपुढं म्हणाले, "शेवाळ दिसतंय. नापास. वर्तणूक मात्र शांत."

वीस इंचीपुढं म्हणाले, "चुन्याची भिंत आहे. कुणीतरी खरवडतंय."

मुठीएवढीचं चित्र भिंतीवर टांगलेल्या चादरीवर पडलं. तेव्हा ते उभेच राहिले. "बाई आहे. हिचं कुंकू मोठं आहे." मग ह्यांच्याकडे वळून हळूच म्हणाले, "कुंकू दिसलं रे मला."

ह्यांनी तिथल्या तिथं बाकीच्या दोघींची वायर काढली.

*

रविवारी चादर दोन खोल्यांमधल्या दारात बांधली. खोकं, सर, नाना आणि हे बाहेरच्या खोलीत. मी मंजूला घेऊन चादरीमागं, स्वयंपाकघरात. मला व्होल्टेजची भीती, आणि चादर पातळ होती, मागूनही दिसत होतं.

ट्यूब नव्यानं बसवताना एक वायर उलटी लागली आणि चित्र खाली डोकं वर पाय आलं. हे घामाघूम झाले. वायर बदलायला वेळच नव्हता. नाना म्हणाले, "सरका बाजूला." खोकं दोन्ही हातांनी उचललं आणि उलटं ठेवलं. माणसं पायांवर उभी राहिली.

"नाना, तुमी विंजिनेर हाय," हे त्यांच्याच बोलीत म्हणाले.

मग नावाची पाटी आली. मला ती सरळ वाचता आली. चादरीपलीकडून ह्यांचा आवाज आला, "हे काय, खोकं फिरवलं तर अक्षरं आरशातल्यासारखी उलटी?"

"असू द्या," सर म्हणाले. "मला वाचायचं नाहीय."

पांढऱ्या साड्या, पांढऱ्या टोप्या, दहा मुली एका ओळीत. सगळ्या सारख्या. रूथनं पत्रात लिहिलं होतं, 'पप्पा, मी डावीकडून तिसरी.' माझ्या बाजूनं डावीकडून तिसरी रूथच होती. हनुवटीवरचा तीळसुद्धा दिसत होता. चादरीवर सरांच्या काठीची सावली उठली, दुसऱ्या टोकाला गेली, त्यांच्या डावीकडून तीन मोजले, आणि एका गोल चेहऱ्याच्या मुलीच्या गालाशी थांबली.

"ही बघा," सर म्हणत होते. "केस वर बांधलेत. मान कलती ठेवते, अगदी आईसारखी. किती दिवसांनी."

नाना म्हणाले, "लई ग्वाड हाय पोरगी, सर."

मी चादरीची कड धरली. "सर," मी म्हणाले, "जरा या बाजूला येता का?"

"थांब पोरी," सर म्हणाले. "ती गातेय."