ॲसिटोनचा ऑक्सिजन

मी पुन्हा पुस्तकं हातात घेतली ती सुनंदाताईंमुळे. आज घाटकोपरच्या पार्लरमध्ये कामावर असताना नेलपेंट काढायची बाटली उघडली, तो थंड, नाकात चढणारा वास आला आणि मी थेट त्यांच्या भांडुपच्या खोलीत जाऊन पोचले.

नववीतच शाळा सोडून मी जालन्याहून मावशीकडे आले, तेव्हा शेजारी ताई अकरावीच्या केमिस्ट्रीच्या शिकवण्या घ्यायच्या. मीही संध्याकाळी तिथे जाऊन बसायचे. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक गेम होता. रंगीत गोळ्या म्हणजे अणू, ते जुळवून रेणू बनवायचा. पण ढकललेला अणू कशाला तरी आपटेपर्यंत घसरतच जायचा. एके दिवशी ॲसिटोन, म्हणजे हेच नेलपेंट काढायचं द्रव्य, बनवायचं होतं आणि त्यातला ऑक्सिजन शिकवणीच्या मुलांपैकी कोणालाच जागेवर थांबवता येत नव्हता.

"तू बस गं," ताई मला म्हणाल्या. मी आधी एक हायड्रोजन नेऊन आडवा उभा केला. ऑक्सिजन त्याला टेकून बरोबर जागेवर थांबला.

"कितवीत आहेस गं तू?" एका मुलाने विचारलं. मी माउस सोडून उठायला लागले.

"तिची इयत्ता कशाला हवी? तुझा ऑक्सिजन अख्खी संध्याकाळ फिरत होता ना रे?" ताई म्हणाल्या. सगळे हसले, तोही हसला.

तेव्हा फक्त सुटल्यासारखं वाटलं. आज कळतं, मला थांबायला जागा मिळावी म्हणून ताईच आडव्या उभ्या राहिल्या होत्या. पण ऑक्सिजन मीच बसवला होता, हेही तितकंच खरं.

यंदा बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म भरलाय. धाकधूक आहेच. पण ताई, पास झाले की मार्कशीट घेऊन भांडुपला येईन आणि त्या प्रश्नाचं उत्तर तुमच्यासमोर मी स्वतः देईन.