विश्रांतीला खो

बोरीच्या कमलबाईचा राग पंचक्रोशीला ठाऊक. एकदा फाट्यावर हात दाखवूनही जिंतूरची एसटी थांबली नाही, तर दुसऱ्या दिवशी ही बाई डोक्यावरचं गाठोडं रस्त्याच्या मधोमध ठेवून त्याच्यावरच बसली. मागं ट्रक, पुढं टमटम, सगळे भोंगे वाजवतायत आणि ही ढिम्म. शेवटी ड्रायव्हर खाली उतरला आणि हात जोडून म्हणाला, मावशी, चुकलं. तेव्हापासून फाट्यावर कुणी हात नाही दाखवला तरी गाडी थांबते, असं लोक हसून सांगतात.

बाईचा राग फुकटचा मात्र नव्हता. कुठं कुणावर अन्याय झाला की तिच्या तळपायाची आग मस्तकाला जायची, मग समोर सरपंच असो नाहीतर साहेब. तिला अन्याय दिसायचा नाही तो फक्त स्वतःच्या घरात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो काही उगीच नाही.

घर म्हणजे चार एकर रान, दोन म्हशी, नवरा चंद्रभान, सासू सुलाबाई आणि एकुलती लेक निकिता. ही पोरगी खो-खो खेळायची. खेळायची म्हणजे काय, पाठलाग करणारीला दमवून दमवून रडकुंडीला आणायची. हाताला लागली असं वाटावं तोवर खांबाला वळसा घालून पार पलीकडं. कमलबाई स्वतः माहेरी पालमला शाळेत असताना खो-खो खेळलेली, त्यामुळं लेकीचा सामना असला की खुरपं टाकून मैदानाच्या कडेला हजर. या खेळाचा एक नियम तिला फार आवडायचा. बसलेल्याच्या पाठीवर थाप मारून खो म्हटलं की त्यानं उठून पळायचं, आणि पळून दमलेल्यानं त्याच्या जागी बसायचं. एवढा न्यायाचा खेळ जगात दुसरा नाही, असं ती ज्याला त्याला सांगायची.

यंदा जिल्ह्याच्या मुलींच्या संघाचं शिबिर बोरीच्या मैदानावर लागलं. शिबिर म्हणजे बोरीच्या आणि आसपासच्या गावच्या पोरींनी रोज संध्याकाळी जमायचं, जीव जाईस्तोवर खेळायचं आणि घरी जायचं. त्यांच्यातून राज्य स्पर्धेचा संघ निघणार होता. निकिताची ही शेवटची संधी, कारण पुढच्या वर्षी तिचं वय उलटत होतं. ती आईला एवढंच म्हणाली होती की माय, या टायमाला न्हाई गेले तर मग कधीच न्हाई. कमलबाईनं त्या दिवसापासून देवापुढं रोज साखर ठेवायला सुरुवात केली.

शिबिर घेणाऱ्या योगिनी मॅडम परभणीहून यायच्या. वयानं तरुण, बोलायला थोड्या, शिस्तीला कडक. त्यांची पीएचडी चालू होती, आणि विषय असा, की खेळून खेळून पिट्टा पडलेल्या खेळाडूचा थकवा कशानं लवकर उतरतो. त्यासाठी त्यांनी चिठ्ठ्या टाकून पोरींचे तीन गट केले. पहिल्या गटानं खेळ संपला की बर्फाच्या पाण्यात बसायचं. दुसऱ्या गटाला तेलानं चोळून द्यायचं. तिसऱ्या गटानं घरी जाऊन नुसती विश्रांती घ्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना पळवून, उड्या मारायला लावून कोण किती सावरलं ते मॅडम बघणार.

गावाला तर फुकटचा तमाशाच मिळाला. जिंतूरहून टमटममधनं बर्फाच्या लाद्या यायच्या, अर्ध्यात कापलेल्या निळ्या ड्रममध्ये पोरी कंबरभर पाण्यात बसायच्या आणि त्यांचे दात कडकडायचे. चोळायला मॅडमनी गावातल्याच बायनाबाईला बोलावलं होतं. जिनं निम्म्या गावाच्या बाळंतिणींना तेल-पाणी केलं, ती आता खेळाडूंच्या पोटऱ्या रगडायला बसली आणि पोरी ओरडल्या की म्हणायची, बायांनो, अजून बाळंतपण कुठं बघितलंय तुमी.

निकिताच्या चिठ्ठीत विश्रांती निघाली, आणि कमलबाईचं डोकं फिरलं. एकीला बर्फ, एकीला तेल, आणि माझ्या पोरीच्या वाट्याला काहीच नाही? ही कुठली वाटणी? ती तशीच मैदानावर गेली. मॅडमनी तिला सावलीत बसवून शांतपणे समजावलं की विश्रांती म्हणजे काहीच नाही असं नसतं, माणूस नीट पडून राहिला, पोटभर झोपला तरी अंग आपोआप सावरतं. उलट कदाचित हाच गट सगळ्यांच्या पुढं जाईल. कमलबाईला ते पुरतं पटलं नाही, पण शिकलेल्या बाईच्या शब्दाखातर ती गप्प बसली.

पुढं झालं भलतंच. बर्फवाल्या पोरी सकाळी टुणटुणीत. तेलवाल्या त्यांच्याहून थोड्या मागं, पण बऱ्या. विश्रांतीवाल्या मात्र दिवसेंदिवस खाली चालल्या, आणि त्यांच्यातही सगळ्यात खाली निकिता. जी पोरगी कुणाच्या हाताला लागत नव्हती, ती आता नवख्या पोरींच्या हाती सापडायला लागली. एकदा तर भर खेळात पोटऱ्यांत गोळे येऊन खांबापाशीच बसली. शेवटी कच्ची यादी लागली आणि तिच्यात निकिताचं नाव नव्हतं. वर गावात कुणीतरी पुडी सोडली की विश्रांतीवाल्या पोरी आराम करून करून सुस्तावल्या.

सुस्तावल्या! हा शब्द कमलबाईच्या कानावर पडला तेव्हा ती रानात कापूस वेचत होती. कमरेची ओटी तिनं तिथंच सोडली आणि तरातरा मैदान गाठलं. पोरी ओळीनं उभ्या होत्या, निकिता शेवटाला खाली मान घालून. कमलबाईनं कुणाचा मुलाहिजा ठेवला नाही.

"कोण म्हणतंय माझी पोरगी सुस्तावली?" तिनं विचारलं. "मॅडम, तुमी शिकलेल्या हाव म्हणून आजवर ऐकून घेतलं. माझी निकी हितून घरी आली की बूड टेकवत न्हाई. आल्या आल्या म्हशीचं शेणघाण काढती, हापशावरून पाणी आणती, घरादाराच्या भाकऱ्या बडवती, आजीचे पाय चेपती, अन् भांडी घासून मग आडवी होती. पहाटं माझ्याआधी उठती. एवढ्या कामाची पोरगी आख्ख्या बोरीत दावा मला, अन् तिला तुमी सुस्त म्हणता?"

लेकीची इज्जत राखल्याच्या समाधानात कमलबाईनं पदर खोचला. मॅडम तिच्याकडं बघतच राहिल्या.

"कमलबाई," त्या हळूच म्हणाल्या, "मग तिनं विश्रांती घेतली कधी?"

एसटीच्या ड्रायव्हरला हात जोडायला लावणाऱ्या त्या बाईनं खोचलेला पदर सोडला. ती मॅडमकडं बघायची, मग निकिताकडं. पोरगी मान वर करत नव्हती. घरचं गाऱ्हाणं बाहेर कसं सांगायचं म्हणून तिनं इतके दिवस तोंडाला कुलूप घातलं होतं. मॅडमनी मग त्या गटातल्या बाकीच्या पोरींना विचारलं. एकीनं तूर झोडली होती. एक भावाचे कपडे धुऊन मग स्वैपाकाला लागायची. तिसरी नुसती हसली.

आता चिडायची पाळी मॅडमची होती, आणि चिडल्या त्या स्वतःवर. बर्फ किती थंड ते त्यांनी मोजलं होतं, तेल किती वेळ चोळायचं ते ठरवलं होतं. पण घरी जा आणि आराम करा असं सांगून पोरी पाठवल्या की त्या आराम करतात, हे त्यांनी आपलं धरूनच चालवलं. ज्याला त्या विश्रांती म्हणत होत्या ती दुसरी पाळी होती. अख्खा अभ्यास पाण्यात गेला. आणि जिच्यावर सगळ्यात जास्त ओझं, तिचंच नाव कापलं; चोर सोडून संन्याशाला फाशी. मॅडम म्हणाल्या, रविवारी संध्याकाळी खेळ झाला की हिला खरोखरची विश्रांती द्या, सोमवारी सकाळी मी परत बघते. सावरली तर नाव घालीन. पक्की यादी सोमवारीच जाणार होती.

कमलबाई घराच्या वाटेला लागली. राग तर मावत नव्हता, पण काढायचा कुणावर? मॅडमवर काढावा तर त्यांनी आराम करा असंच सांगितलेलं. घरावर काढावा तर आपलेच दात, आपलेच ओठ. भाकऱ्या थाप, पाणी आण, हे निकिताला सांगणारं तोंड तिचं स्वतःचं होतं. तिला स्वतःला तरी कुणी कधी म्हटलं होतं का, की कमल, जरा टेक? दिवसा पाठ टेकवलेली बाई म्हणजे एकतर बाळंतीण नाहीतर आजारी. धडधाकट बाईनं आडवं होणं हे तिच्या घरात, तिच्या माहेरात, कुठंच कुणी बघितलं नव्हतं. या गोष्टीचा तिला आज पहिल्यांदा संताप आला.

रविवार उजाडला. संध्याकाळी निकिता पाय ओढत घरी आली तेव्हा कमलबाईनं तिला सरळ आतल्या खोलीत नेऊन वाकळ अंथरून दिली आणि बजावलं की काही झालं तरी उठायचं नाही. सगळं काम आपण ओढू असं तिनं ठरवलं होतं. दिवसभराच्या वेचणीनं तिची स्वतःची कंबर धरली होती, ते तिनं मोजलंच नाही. निकिताला पडून राहणं जमेना. भांड्याचा आवाज आला की दचकून उठायची. सुलाबाई उंबऱ्यात बसून पुटपुटत होती की दिवेलागणीला धडधाकट पोर लोळती, ही काय लक्षणं चांगली न्हाईत.

इतक्यात चंद्रभान जिंतूरच्या बाजाराहून आला. माणूस वाईट नव्हता बरं का. दारू नाही, पत्ते नाहीत, बायकोवर कधी हात उगारला नाही. पण घरात पाऊल टाकलं की अंगणातल्या बाजेवर बसायचा, आणि एकदा बसला की त्याला हवं ते चालत त्याच्यापाशी यायचं. पाणी आलं, चहा आला. मोबाईलवर बोट फिरवत त्यानं आत हाक दिली, "निके, म्हशीला पाणी दाखव गं."

निकिता ताडकन उठून बसली. सवयच तशी. कमलबाई पिठाच्या हातानं चुलीपासनं उठली, लेकीला खांद्याला धरून खाली दाबलं आणि अंगणात आली. ती भांडली नाही, ओरडली नाही. बाजेच्या मागं गेली आणि चंद्रभानच्या पाठीवर मधोमध थाप मारली.

"खो."

सदऱ्यावर पाचही बोटं पांढरी उमटली. चंद्रभाननं वळून बघितलं. "काय लावलंय हे?"

"खो दिलाय. बसलेल्यानं उठायचं असतंय. उठा."

तो हसायला गेला, पण बायकोच्या तोंडावर हसू नव्हतं. ड्रायव्हरचं काय झालं ते त्यालाही ठाऊक होतं. तो उठला, चपला शोधत शोधत बादली घेतली आणि म्हशीकडं गेला. मग कमलबाईनं काय करावं? ती त्याच्या जागी बाजेवर बसली. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या बाजेवर घर जागं असताना ती पहिल्यांदा बसत होती. बसल्यावर कुठं तिला धरलेली कंबर जाणवली.

उंबऱ्यातनं सुलाबाईनं विचारलं की आता भाकऱ्या कुणी थापायच्या.

"येऊ द्या त्यांला," कमलबाई म्हणाली. "त्यांचा खो अजून संपला न्हाई."

त्या रात्रीच्या भाकऱ्या कुठं जाड, कुठं करपलेल्या झाल्या. सगळ्यांनी मुकाट खाल्ल्या. निकिता जी झोपली ती उन्हं अंगावर येईस्तोवर झोपली.

सोमवारी ती पळाली. मॅडमनी तीन पोरी तिच्यामागं सोडल्या, एकीलाही ती सापडली नाही. नाव यादीत गेलं. चंद्रभाननंच गावात पेढे वाटले, आणि लेक कुणाची असं विचारत हिंडला. कमलबाईनं मात्र हातातला पेढा तसाच ठेवला. एका रात्रीची झोप मिळाली तर पोरगी एवढी पळते, मग इतकी वर्षं आपण तिचं पळणं चुलीत घातलं की काय? आणि आपलं स्वतःचं? पालमच्या त्या मैदानावरची कमल कुठं गेली? हे कुणाला विचारायचं?

दुपारी मॅडमचा फोन आला. अभ्यासाच्या कागदात त्यांना नवी ओळ घालायची होती. त्यांनी विचारलं की एका रात्रीत एवढा फरक पडला, तर तुम्ही नेमका उपाय काय केला? तेल लावलं, की पाण्यात बसवलं?

"मी काय न्हाई केलं," कमलबाई म्हणाली. "मी बसले. तुमाला लिहायचंच असलं तर लिहा, बाप उठला."