रंध्याने घडवलेला क्रूस

माझा मेहुणा सुतार. बायकोचा थोरला भाऊ. सगळे त्याला रंधा म्हणत, कारण दुसऱ्याच्या कामात खोट दिसली की तो माणसाला तासून काढी. दार जरा कुरकुरलं तरी म्हणे, याला बिजागरी नको, वैद्य हवा. मी आयुष्यभर गोदामात पोती वाहिली. मलाही त्याने सोडलं नाही. पोतं पाठीवर घ्यायची माझी तऱ्हा कशी चुकीची, हे तो जेवताना समजावून सांगायचा. मी ऐकून घ्यायचो. त्याचं स्वतःचं काम पाहिलं की उलट बोलायला तोंड राहत नसे. कपाटाची जी बाजू भिंतीला लागणार, तीही तो घासून गुळगुळीत करी.

ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात दर शुक्रवारी आमच्याकडे क्रुसाची वाट होते. मंडळी प्रार्थना म्हणत चर्चभोवतीच्या रस्त्यांनी फिरतात आणि सर्वांच्या पुढे एक जण मोठा क्रूस खांद्यावर घेऊन चालतो. तो मान बरीच वर्षं रंध्याचा. जुन्या क्रुसाला वाळवी लागली, तेव्हा नवा करायचं कामही त्याच्याकडेच आलं. त्याने कामाच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि संपेपर्यंत कुणाला आत येऊ दिलं नाही.

क्रूस देखणा झाला. सांधा कुठे आहे ते बोट फिरवूनही कळत नव्हतं. पहिल्या शुक्रवारी रंधा तो घेऊन निघाला. कमरेत वाकलेला, दात आवळलेले, मधेच थांबून धापा टाकत. बायका डोळे पुसत होत्या. मी त्याचे पाय पाहत होतो. ती माझी जुनी सवय. ओझं खरंच जड असेल तर माणूस पाय फाकवून टाकतो. याची पावलं एका रेघेत पडत होती. मला वाटलं, लाकूड नीट तोलून घडवलं असेल. माणूसच तसा होता. दुसरं काही मनात आलं नाही.

तिसऱ्या शुक्रवारी चढावर तो गुडघ्यांवर आला. माझी बायको मागून धावत गेली आणि क्रुसाच्या मागच्या टोकाखाली तिने खांदा दिला. उचलताना ती थबकली. भावाकडे पाहिलं. मग तीही वाकली आणि त्याच्यासारखीच धापा टाकत शेवटपर्यंत चालली. घरी आल्यावर मी तिच्या खांद्यासाठी तेल गरम केलं. ती म्हणाली, राहू दे, दुखत नाही. आणि भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी.

पुढच्या आठवड्यात सभा आमच्या घरी होती. उपवासकाळात कुणाच्या तरी घरी जमायचं, शास्त्रातला उतारा वाचायचा आणि एकाने त्यावर चिंतन मांडायचं, अशी रीत. पाळी रंध्याची. उतारा शिमोन कुरेनेकराचा. बिचारा रानातून येत असतो, शिपाई त्याला धरतात आणि येशूचा क्रूस त्याच्या खांद्यावर देतात. वाचून झालं तशी शेजारची शिंपीण म्हणाली, आपल्याकडे तर शिमोनाची बहीणच आहे. सगळे कौतुकाने हसले. माझ्या बायकोने मान खाली घातली.

रंधा उभा राहिला. बराच वेळ नखाने पुस्तकाचं दुमडलेलं पान सरळ करत राहिला.

"क्रूस पोकळ आहे," तो म्हणाला.

लोकांना वाटलं, चिंतन सुरू झालं. कुणी मानही डोलावली. मग त्याने पुन्हा सांगितलं, या वेळी सुतारासारखं. चार पातळ फळ्यांची पेटी. ओंडका वाटावा म्हणून टोकांना लाकडाच्या रेषा जुळवून बसवलेले भरीव तुकडे. गेल्या वर्षी जुना क्रूस वाहताना त्याचा खांदा कामातून गेला होता. सांगितलं असतं तर मान दुसऱ्याकडे गेला असता. धापा टाकायचा त्याने घरी सराव केला होता. चढावर पडला, तेही ठरवून.

गोदामात ओझं उचलताना अंग चोरणाऱ्याला आम्ही शेजारी बसू देत नसू. तरी त्या संध्याकाळी मला त्याचा राग आला नाही. लाजच वाटली, त्याच्या वतीने.

तेवढ्यात माझी बायको बोलली. "काहीतरीच काय, दादा. जड आहे तो. मी उचललाय ना."

खोटं बोलायची तिला सवय नाही. रंध्याने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा असा पडला की मी नजर वळवली.

"शिमोनाने ओझं तरी उचललं," तो म्हणाला. "हिने माझं खोटं उचललं. अजून खाली ठेवत नाही."

एवढं बोलून तो बसला. चहा कपांत निवून गेला.

दुसऱ्या दिवशी तो क्रूस फोडायला कुऱ्हाड घेऊन चर्चमध्ये गेला. धर्मगुरूंनी अडवलं. म्हणाले, हाच क्रूस वाहायचा आणि तूच वाहायचा. जेवढा जड आहे तेवढाच दाखव. रंध्याने हात जोडले, दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणाला. ते ऐकेनात.

शुक्रवारी तो ताठ चालला, क्रूस एका हाताने पेलून. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते आणि वाकून ते लपवायची सोय नव्हती. माझी बायको मागे, आपल्या नेहमीच्या जागी होती. चढाशी मी सवयीने त्याच्या पायांकडे पाहिलं.

पावलं फाकून पडत होती.